काडेपेट्यांचे जेरीकॅन : सोसायटीच्या देखाव्याच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आषाढीचा उपास, त्यामुळे मीटिंगला चहाऐवजी साबुदाण्याची खिचडी होती आणि हजेरी चांगली. आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा ‘कारगिल’ हा विषय ठरला. पाठोपाठ नेहमीचंच सुरू झालं. वर टायगर हिल, त्यावर तिरंगा, खाली तोफ आणि स्पीकरवर धडामधूम. मी म्हटलं, असल्या टेकड्या ठाण्यात गल्लोगल्ली उभ्या राहतात. आपण तोफेला गोळा कोणी आणून दिला ते दाखवू. एक ट्रक करू. आत काय भरलंय ते दिसेल असा उघडा ट्रक.

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “याचा जन्म गाड्या भरण्यात गेला, याला दुसरं काय सुचणार!” खरंच आहे. भिवंडीच्या गोदामात डिस्पॅचला मला बावीस वर्षं झाली. पण मुलांनी ‘ट्रक’ ऐकल्यावर हात वर केले आणि ठराव पास झाला.

अटी : थर्माकोल अजिबात नाही (बंदी २०१८ पासून आहे, तरी दर वर्षी कोणी तरी आणतोच), खर्च अकरा हजारांच्या आत, मूर्ती शाडूची, आणि या नोंदी मी ठेवायच्या.

९ जुलै, बुधवार

ट्रक ठरला : शक्तिमान. माझ्या पिढीला या नावावरून टीव्ही आठवतो, पण ट्रक त्याच्या कितीतरी आधीचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. आधी तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत, मग १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत. १९९६ पर्यंत उत्पादन चाललं. चारही चाकांना जोर, लांब नाक, वर ताडपत्री. १९७१ ला होता आणि १९९९ ला म्हातारा होऊनही होता. तोवर अशोक लेलँडचे स्टॅलियन बरोबरीला आले होते. मुलांना स्टॅलियन जास्त देखणा वाटतो. मी हट्टाने शक्तिमान घेतला, कारण मी लहानपणी पहिला लष्करी ट्रक पाहिला तो हाच. नाशिक हायवेने देवळालीकडे चाललेला ताफा होता.

माप एकास दहा. हौदा आतून चाळीस सेंटिमीटर लांब, बावीस रुंद. फोटोवरून काढलंय, त्यामुळे दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे. सांगाडा प्लायचा, बॉडी पुठ्ठ्याची, ताडपत्रीच्या कमानी जाड तारेच्या.

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस जेरीकॅनचा. वीस लिटरचा खरा कॅन साधारण सत्तेचाळीस सेंटिमीटर उंच, पस्तीस लांब, सतरा जाड. दहाने भागलं आणि दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी ओरडली, “काका, ही तर काडेपेटी!” लांबी-उंची जवळजवळ तंतोतंत. जाडी चार मिलिमीटरने कमी भरते, म्हणून दोन्ही अंगांना पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवायचा. त्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने दाबून फुली काढली की खऱ्या कॅनवरची ती ओळखीची खाच दिसते. ती खाच शोभेची नाही. पत्रा ताठ राहतो आणि उन्हाने आतलं तेल फुगलं तर पत्र्याला हलायला वाव मिळतो.

वरच्या मुठी तीन असतात. का, यावर मुलांना अर्धा तास खेळवलं. उत्तर : भरलेला कॅन एकट्याने न्यायचा तर मधली मूठ. दोघांनी मिळून न्यायचा किंवा साखळीने हातोहात द्यायचा तर कडेच्या. रिकामे असतील तर दोन कॅन एकमेकांना चिकटवून शेजारशेजारच्या मुठी एका हातात धरायच्या, म्हणजे एक माणूस चार रिकामे नेतो. हा कॅन दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनांनी काढला. इंग्रज सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणायचे, त्यावरून नाव पडलं. इंग्रजांचे स्वतःचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके गळके होते की उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांचे सैनिक शत्रूचे कॅन सापडले की जपून ठेवत. पुढे त्यांनी आणि अमेरिकनांनी सरळ नक्कलच केली.

काडेपेट्या आता घरात असतात कुठे? सगळीकडे लायटर. शेवटी बारा डझन विकत आणल्या. दुकानदाराने विचारलं, “होम करताय का?”

१६ जुलै, बुधवार

समोरच्या इमारतीतले सुभेदारसाहेब येऊन गेले. साताऱ्याकडचे. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये आधी ड्रायव्हर, मग बढती घेत सुभेदार. मी त्यांना आजवर लिफ्टमध्ये नमस्कार करण्यापुरताच ओळखत होतो.

सांगाडा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “गाडी ठीक हाय. भरनार काय?”

मी म्हटलं, सगळंच. गोळे, कॅन, आटा, तंबू.

“एका गाडीत?”

“हो, म्हणजे लोकांना दिसावं म्हणून...”

“मग गाडी फौजेची न्हाय झाली, किराणाची झाली.”

तासभर बसले. कोण काय वाहतं ते त्यांनी बोटांवर सांगितलं. रेशन, पेट्रोल-डिझेल-रॉकेल आणि वंगण हा सर्व्हिस कोअरचा माल. दारूगोळा, कपडे, सुटे भाग ऑर्डनन्सचे. पण गाड्या मागतील त्यांच्या कामाला लागतात, आणि दोन गोष्टी कधी शेजारी बसवायच्या नाहीत : इंधन आणि दारूगोळा. दारूगोळ्यातही गोळा वेगळा, त्याला ढकलणारा चार्ज वेगळा आणि टोकाचा फ्यूज वेगळा. “तिन्ही एकत्र यायचं ते तोफंपाशी, त्याच्या आधी न्हाय.”

आमच्याकडे ॲसिड आणि बिस्किटं एका गाडीत भरली म्हणून मी एका सुपरवायझरला घरी बसवलं होतं. तरी माझ्याच देखाव्यात तेच करायला निघालो होतो.

२० जुलै, रविवार

ठरलं : एक नाही, तीन खेपा. ट्रक एकच, पण सात दिवसांत तीन वेगवेगळे माल भरायचे. पहिले दोन दिवस इंधन, मग दोन दिवस दारूगोळा, शेवटी रेशन. बोर्डवर ‘आजची खेप’ म्हणून लिहायचं. मुलांना ही कल्पना फार आवडली. मला आवडली कारण त्यामुळे मला माझं खरं दुखणं मांडता येणार आहे : गाडी दोन प्रकारे भरते, वजनाने किंवा जागेने. बाहेरच्या माणसाला जागा दिसते, वजन दिसत नाही.

कॅनचा हिशेब. शक्तिमानला फौजेत ‘थ्री टन’ म्हणत. हौद्यात काडेपेट्या उभ्या लावल्या तर आडव्या रांगेत सहा आणि लांबीत तेवीस रांगा. एकूण १३८. भरलेल्या एका कॅनचं वजन वीस-एकवीस किलो. म्हणजे पावणेतीन टनांच्या वर, जवळजवळ तीन. एका थरात गाडी वजनाने भरली! वर मांडीएवढीही उंची गाठली नाही आणि ताडपत्रीखाली सगळी हवा.

मुलं नाराज. “काका, हा रिकामा दिसतोय. अजून दोन थर लावू.” मी म्हटलं, लावा, आणि मग झोजी ला चढवून दाखवा.

गोळ्यांचा हिशेब तर याहून वाईट. बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा गोळा साधारण त्रेचाळीस किलोचा. तीन टनांत ६९ बसतात, तेही चार्ज आणि पेट्यांचं वजन न धरता. उभे केले तर हौद्याचा पाचवा हिस्सासुद्धा झाकला जात नाही. आणि ही तोफ पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे टाकते. म्हणजे एका तोफेचे तेवीस दम म्हणजे एक अख्खी गाडी. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. सगळे मोठ्या तोफांचे नव्हते, तरी हा आकडा गाड्यांत मोजून पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

उलट टोकाला तंबू, झोपायच्या पिशव्या, जाड कोट. तिथे गाडी छतापर्यंत ठासून भरते आणि स्प्रिंगच्या पाट्यांना खबरही नसते. आट्याची पन्नास किलोची पोती साठ. हा मधला, गुणी माल.

२६ जुलै, शनिवार

कारगिल विजय दिवस. काम कमी, गप्पा जास्त.

मुलांना नकाशावर रस्ता दाखवला. श्रीनगर, सोनमर्ग, झोजी ला, द्रास, कारगिल आणि पुढे लेह. सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. झोजी ला ३,५२८ मीटरवर. फोटू ला त्याहून उंच, ४,१०८ मीटर, पण भीती झोजीची. तिथे चिखल, दरड आणि अरुंद वाट, म्हणून वाहतूक एका वेळी एकाच दिशेने सोडतात. घोडबंदरवर गायमुखला दोन तास अडकून आलेला आमचा खजिनदार म्हणाला, “आपल्याकडे तर दोन्ही दिशा बंद असतात.”

हिवाळ्यात हा रस्ता बर्फाखाली जायचा, महिनोन्महिने. म्हणून लडाखसाठी लागणारं सगळं उन्हाळ्यातच वर चढवून ठेवायचं. याला फौजेत विंटर स्टॉकिंग म्हणतात. माझ्या मते ट्रकचं खरं काम हे. लढाई नसतानाचं. दर वर्षी, ठरलेल्या मुदतीत, आटा, डाळ, साखर, दूध पावडर, बुखारीचं, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीचं, रॉकेल. आमच्याकडे दिवाळीच्या आधी महिनाभर जी पळापळ असते तीच, फक्त उशीर झाला तर ‘माल उद्या येईल’ म्हणायची सोय नाही.

१९९९ च्या मे-जूनमध्ये हाच रस्ता द्रास-कारगिलच्या टेकड्यांवरून पाकिस्तानी तोफांच्या नजरेत होता. मग गाड्या रात्री, दिवे बंद करून. सुभेदारसाहेब इथे जरा गप्प झाले आणि थेट डिफरन्शिअलवर आले. मागच्या धुरीवरचा तो गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर एक बारीक दिवा खाली तोंड करून. वरून, लांबून दिसत नाही. मागच्या ड्रायव्हरला मात्र पांढरा ठिपका दिसतो. तोच धरून चालायचं. “ठिपका गेला की ब्रेक. विचार करायचा न्हाय.”

आमच्या ट्रकला हा ठिपका लागणार. एलईडी आणि बटनसेल माझा धाकटा बघतोय.

३० जुलै, बुधवार

रात्री वाचन. लष्करी ट्रक म्हटलं की १९४४ ची रेड बॉल एक्सप्रेस टाळता येत नाही, म्हणून बोर्डासाठी टिपण काढलं.

नॉर्मंडीत उतरल्यावर अमेरिकन सैन्य फ्रान्समध्ये इतकं वेगाने पुढे गेलं की पुरवठा मागे राहिला. रेल्वे नव्हती, कारण जर्मनांना वापरता येऊ नये म्हणून दोस्तांनीच आधी बॉम्ब टाकून ती मोडली होती. २८ डिव्हिजन, प्रत्येकीला रोज सातशे-साडेसातशे टन. मग २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर ट्रकांची साखळी चालवली. दोन समांतर रस्ते, एक जायचा आणि एक यायचा, इतर कोणाला प्रवेश नाही. नाव अमेरिकन रेल्वेतलं. तातडीच्या मालाला तिथे ‘रेड बॉल’ म्हणत. वेगाची मर्यादा ताशी पंचवीस मैल, दोन गाड्यांत साठ यार्ड. ड्रायव्हरांनी इंजिनाचे वेग रोखणारे गव्हर्नर काढून टाकले आणि मर्यादा कागदावर राहिली. हे वाचून आमच्या गोदामाबाहेरच्या लायनीतले दोन-तीन चेहरे आठवले.

यातले सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय. त्या सैन्यात काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या आणि काळ्यांना बहुतेक करून ओझी वाहायलाच ठेवलं होतं. त्यांच्याच जोरावर पुढचे रणगाडे चालले.

२९ ऑगस्ट १९४४ हा कळसाचा दिवस : ५,९५८ गाड्या, १२,३४२ टन. मी भागाकार केला. गाडीमागे दोन टनांच्या किंचित वर. मुख्य गाडी जीएमसीची अडीच टनी, तीन धुऱ्यांची, तिन्ही धुऱ्यांना जोर असलेली, युद्धभरात साडेपाच लाखांवर बनलेली. रस्त्यावर तिच्यात दुप्पटही भरत. तरी सरासरी दोनच टन का, हे डिस्पॅचच्या माणसाला सांगावं लागत नाही. काही गाड्या परतीच्या वाटेवर रिकाम्या, काही बंद पडलेल्या, काही जागेने भरलेल्या. एक पूर्ण फेरी दोन दिवसांच्या वर.

आणि मला सर्वांत जवळचं वाटलेलं : त्यांना पेट्रोलइतकीच चणचण रिकाम्या कॅनची पडली. सैनिक ओतून घेत आणि कॅन रस्त्याकडेला टाकून पुढे जात. भरायला कॅन नाही म्हणून पेट्रोल पडून. आमचे निळे क्रेटही असेच जातात. माल पोचतो, क्रेट पोचत नाही, आणि दर महिन्याला माझ्या नावावर तेवढी रक्कम लागते. आयझेनहॉवरच्या सैन्याला जे जमलं नाही ते मला जमावं अशी आमच्या मालकांची अपेक्षा आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आज माझी चूक झाली आणि ती लिहायला हवी.

बारा डझन पेट्या रिकाम्या केल्या, तर काड्या साडेसहा हजारांच्या आसपास. मी त्या सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात ओतल्या आणि डबा ठेवला कुठे, तर ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनच्या बाटलीशेजारी, वर कापसाच्या वातींचं पुडकं. आजींनी पाहिलं. पुढची पाच मिनिटं त्या जे बोलल्या ते नोंदवत नाही.

त्यांचे वडील मुंबई गोदीत कारकून होते. १४ एप्रिल १९४४ ची हकिकत त्यांच्या घरात दर वर्षी निघायची. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज, पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि दारूगोळा. त्यावर वाटेत कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं. शिवाय सोन्याच्या विटा. कापूस पेटला, आणि दुपारी चारनंतर दोन स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. म्हणून आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिवस पाळतात.

लढाईच्या घाईत जागा मिळेल तिथे माल कोंबला की काय होतं, याचं उदाहरण आपल्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे आणि मी डब्यावर डबा ठेवत होतो. काड्या आता सहा छोट्या डब्यांत, आजींच्या देवघराखाली. टर्पेंटाइन वॉचमनच्या केबिनमागे. सुभेदारसाहेबांनी जाता जाता भर घातली : पेट्रोलचा रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट. आत वाफ असते, आणि पेटते ती वाफ.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी बांधून घेतली आणि बहिणीच्याच गाडीने उल्हासनगरला कापड आणायला. ताडपत्रीसाठी बारीक विणीचं सुती कापड हवं होतं. कॅम्प दोनमध्ये मिळालं, चहाच्या पाण्यात बुडवून हिरवं रंगवू.

भाची विचारत होती, कॅम्प का म्हणतात? कारण तो खरोखरच कॅम्प होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प, हजारो सैनिकांची सोय. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर नाव पडलं. एक ते पाच हे आकडे मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

रंग आणि खुणा. हिरवा तीनदा चुकला. पहिला पोपटी, दुसरा शेवाळी, तिसरा चालून जाईल.

नंबरप्लेटला आरटीओचे एमएच नसतात. आधी वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, पुढे अक्षर आणि क्रमांक. आम्ही क्रमांकाच्या जागी सोसायटीचा प्लॉट नंबर घातला. खरा लिहायचा नाही असं सुभेदारसाहेबांनी बजावलं.

पुढच्या बाजूला पिवळा गोल आणि त्यात काळा आकडा. मुलांना वाटायचं हा गाडीचा क्रमांक. हा तिचा वजनवर्ग. डोंगरातल्या पुलांवर सीमा सडक संघटना वर्गाची पाटी लावते. गाडीवरचा आकडा पाटीवरच्या आकड्याहून मोठा असेल तर पूल ओलांडायचा नाही, ड्रायव्हरने टनांचा हिशेब करत बसायचं नाही. किती सोपं! आमच्या भागातल्या पुलांवर उंचीचा लोखंडी बांबू असतो, आणि तो बांबूच दर पावसाळ्यात गाडीवर पडतो.

बाकी साहित्य : फावडं, चाकाला लावायचा ओट, बर्फाच्या साखळ्या (आजींच्या तुटलेल्या चेनपासून), आगीसाठी वाळूची बादली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर भार-चाचणी. मुलांनी शाडूचे ६९ गोळे वळले होते, सुकून दगड झालेले. ते सगळे हौद्याच्या मागच्या टोकाला ठेवले, कारण तिथून ‘छान दिसतात’. मागची धुरी, म्हणजे आमची बांबूची काडी, कट्कन मोडली आणि पुढची चाकं हवेत.

यापेक्षा चांगला धडा मला देता आला नसता. जड माल मागच्या धुरीच्या पुढे, बुडाशी, दोन्ही बाजूंना समान. चढावर वजन आपोआप मागे येतं. मागे आधीच जड असेल तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. खाली लाकडी पट्ट्या टाकायच्या म्हणजे पेट्या सरकत नाहीत. धुरी आता सायकलच्या स्पोकची.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही. गोदामाला सुट्टी नाही, पण पोचता आलं नाही. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी. ट्रक वाचला, डोंगर वाहून गेला. कागदाचा लगदा पुन्हा पोह्यांसारखा झाला.

२० ऑगस्ट, बुधवार

डोंगर नवा, पोत्याच्या कापडाचा, वर मातीचा लेप. पहिल्यापेक्षा बरा.

२४ ऑगस्ट, रविवार

आज लांब बसलो. प्रश्न होता ट्रकच्या उजवीकडे काय दाखवायचं. कारण रस्ता संपतो आणि चौकी संपत नाही. रस्त्याच्या शेवटाला ट्रक थांबतो, तिथून खेचरं, आणि खेचरही जिथे जाणार नाही तिथे माणसाची पाठ. सुभेदारसाहेब म्हणाले, “गाडी भरताना मी वरचा गडी डोळ्यापुढं धरायचो. त्याला उचलंल एवढंच एकेक पाहिजे.”

हे ऐकलं आणि महिनाभर जो हिशेब मी हौद्याच्या बाजूने करत होतो तो उलटा फिरला. तेल दोनशे लिटरच्या पिंपात वाहणं ट्रकला सोयीचं. पत्रा कमी, चढवणं लवकर. पण पिंप दीड-दोनशे किलोचं, रस्ता संपला की ते तिथेच बसणार. म्हणून वीस लिटर, म्हणून तीन मुठी. आपल्याकडे वाशीच्या मार्केटात पूर्वी शंभर किलोची गोणी माथाडीच्या पाठीवर असायची. ती पन्नासवर आली ती माथाडी भांडले म्हणून. गोणीचं माप गाडीने ठरवलं नव्हतं, पाठीने ठरवलं.

तेव्हा उजवीकडे दोन खेचरं आणि त्यांच्या पुढे, डोंगराच्या वळणावर, पाठीवर एकच कॅन घेतलेला जवान. तो सगळ्यात लहान, पण नजर तिथे जाईल असा.

मूर्तीवरून थोडा वाद. एकाला बाप्पा ट्रकवर हवे होते, एकाला गणवेशात. आजींनी निकाल दिला : देवाला नोकरीला लावायचं नाही. युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं, तशी ट्रान्झिट कॅम्पमधली छोटी इमारत डावीकडे आणि बाप्पा तिथे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मांडणी पूर्ण, रात्रीचे दोन वाजले. शेवटच्या क्षणी नववीतल्या मुलीने केबिनमध्ये एक छोटी पिशवी ठेवली, त्यावर ‘५६ एपीओ’. फौजेचं टपाल. वजन नगण्य, जागा नगण्य. सुभेदारसाहेबांनी ती पाहिली आणि म्हणाले, “ही पुढं बसते. ड्रायव्हरजवळ. हौद्यात न्हाय टाकत.”

२९ ऑगस्ट, शुक्रवार

खेप दुसरी : दारूगोळा. बोर्डवर ‘६९ गोळे. फ्यूज मागच्या गाडीत.’ येणारा प्रत्येक जण एकच विचारतो : “अर्धा रिकामा का?” मुलं आता न कंटाळता उत्तर देतात, काही तर वाटच बघतात कोणी विचारतंय का. एक टेम्पोवाले काका मात्र विचारायला थांबले नाहीत. पाट्यांकडे पाहिलं, मान हलवली, “बरोबर भरलीय,” म्हणाले आणि प्रसाद घेऊन गेले. पाच वर्षांतली सगळ्यात मोठी पावती.

पांढऱ्या ठिपक्यासाठी रात्री आरतीनंतर दहा मिनिटं दिवे बंद ठेवतो. गर्दी तेव्हाच.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. खेप तिसरी : रेशन. साठ पोती, दूध पावडरचे डबे आणि घराघरांतून आलेले खरे शंकरपाळे. फौजी लांबच्या गस्तीवर शक्करपारे बरोबर नेतात. टिकतात, गोठले तरी खाता येतात, भांडं लागत नाही. संध्याकाळपर्यंत हौदा रिकामा. चोर माहीत आहे, तो माझ्याच घरात राहतो.

३ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं, कृत्रिम तलावात. आज आवराआवर. डोंगराचं कापड धुऊन ठेवलं. ट्रक सुभेदारसाहेबांनी मागितला, दिला. खर्च दहा हजार चारशे.

जेरीकॅन मोजले : १३८ पैकी १३१ परत आले.

काड्यांचे सहाही डबे आजींना दिले. पुढच्या गणपतीपर्यंत निरांजनाला पुरतील म्हणून त्या खूश होत्या. अर्ध्या तासाने त्यांचा फोन. घासायच्या का कशावर? पेट्यांच्या कडा तर आम्ही हिरव्या रंगवून टाकल्या होत्या.